लिंक माझ्या हातात होती

समितीच्या बैठकीत त्याचं नाव निघालं तेव्हा मी कॅमेरा बंद ठेवून भेंडी चिरत होते. आमच्या ग्रंथपालांच्या संघटनेचं संमेलन भरायचं होतं. ऑनलाइन, एका दिवसाचं आणि फुकट. विषय ग्रंथालयांचं आणि ग्रंथपालांचं भवितव्य. सकाळचं मुख्य भाषण कुणाचं ठेवायचं यावर बराच वेळ घोळ चालला होता. शेवटी अध्यक्षबाई म्हणाल्या, "वो सी-स्कीम में रहनेवाले सर कैसे रहेंगे? पहले प्रिंसिपल थे, अब स्कूलों को सलाह देते हैं. लाइब्रेरी को डिजिटल करने का उनको बहुत अनुभव है."

सुरी बोटाला लागली. त्याचा अनुभव मला चांगलाच ठाऊक होता, कारण तो त्याने माझ्याच ग्रंथालयावर घेतला होता. मी बोट तोंडात घातलं, दुसऱ्या हाताने माईक सुरू केला आणि म्हणाले, "मैं उन्हें जानती हूँ. न्योता मैं ही दे दूँगी."

नवरा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून ऐकत होता. बँकेच्या नोकरीने त्याला नागपूरहून जयपूरला आणलं आणि निवृत्तीनंतरही आम्ही जवाहर नगर सोडलं नाही. त्याला सगळा इतिहास पाठ आहे.

"त्या माणसाला तू बोलावून राहिली?"

"मी नाही. संघटना बोलावून राहिली."

"अन् बोटाला काय झालं?"

"भेंडी चिरत होते."

"तुझ्या डोक्यात काहीतरी आहे," तो म्हणाला आणि आयोडीनची बाटली शोधायला गेला. होतंच. पण नेमकं काय ते तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

वैशाली नगरमधल्या एका शाळेत मी बरीच वर्षं ग्रंथपाल होते. मोठी खोली, पूर्वेला खिडक्या, आणि खिडकीजवळची एक मांडणी मराठी पुस्तकांची. ती पुस्तकं शाळेने विकत घेतलेली नव्हती, आमच्या लोकांची होती. जयपुरातली मराठी माणसं बहुतेक बदलीवर आलेली. फौजेतली, बँकेतली, विम्यातली. बदलीचा हुकूम आला की सामान बांधताना आधी बाहेर पडतात ती पुस्तकं. ती जड असतात आणि पुढच्या गावी घर केवढं मिळेल याचा भरवसा नसतो. माणसं सोफा नेतात, कूलर नेतात, मोडकी सायकलसुद्धा नेतात, पण पुस्तकं कुणाकडे तरी ठेवून जातात. कधीतरी एकीने माझ्याकडे ठेवली, तिने दुसरीला सांगितलं, आणि मग तो रिवाजच पडला. ट्रक दारात यायच्या आधी एक रिक्षा माझ्या शाळेत यायची. आमची इकडे वाढलेली पोरं मधल्या सुट्टीत त्या मांडणीपाशी बसायची. हिंदीमुळे अक्षरं ओळखीची, पण वाचताना अडखळायची आणि एकमेकांना विचारायची, "मतलब काय याचा?"

त्यातल्या दोन पेट्या एका मैत्रिणीच्या होत्या. नवरा फौजेत, माहेर साताऱ्याकडचं. तिची आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती आणि आई गेल्यावर हिच्या वाट्याला आली ती आईची पुस्तकं. सगळ्या पुस्तकांच्या समासात आईने पेन्सिलीने काहीबाही लिहिलेलं. कुठे एखाद्या शब्दाचा अर्थ, कुठे "हे मुलांना वाचून दाखवणे", तर कुठे नुसतंच "खोटं!" त्यांची बदली सीमेकडे झाली तेव्हा ती पेट्या घेऊन आली. "ताई, ही द्यायची म्हणून देत नाही, ठेवायला देतेय. साताऱ्याला घर बांधलं की न्यायला येणार." मी म्हटलं, "बिनधास्त ठेव." ती पुस्तकं मी कुणाला घरी न्यायलाही देत नसे. तिथेच बसून वाचायची आणि तिथेच ठेवायची.

एका मे महिन्यात मी भाच्याच्या लग्नाला नागपूरला गेले. सुट्टी संपवून परत आले तर माझ्या खोलीच्या दारावर नवी पाटी. आत भिंतींना पोपटी रंग, जमिनीवर रंगीबेरंगी गाद्यांची गाठोडी, ज्यांना बीन बॅग म्हणतात, आणि एका कपाटात चार्जिंगला लावलेले टॅब्लेट. पुस्तक एकही नाही. मी शिपायाला विचारलं तर तो खाली बघत म्हणाला, "कबाड़ी ले गया मॅडमजी, ठेले पे. कई चक्कर किए."

आमचे प्राचार्य तेव्हा व्हरांड्यात पालकांना ती खोली दाखवत होते. मला बघून त्यांनी हात जोडले आणि पालकांना सांगितलं, "ये हमारी लाइब्रेरियन मॅडमजी. सारी पुरानी किताबें इन्होंने ही छाँटकर दीं. बड़ा दिल चाहिए इसके लिए."

तळपायाची आग मस्तकाला गेली. पालक टाळ्या वाजवत होते आणि मी तिथे दगडासारखी उभी होते. स्टाफच्या बैठकीत मी उठून सांगितलं की मी एकही पुस्तक निवडून दिलेलं नाही, मी जयपुरातच नव्हते. तर हा माणूस हसला. इतक्या मायेने हसला की शेजारच्या बाई पण हसल्या. "मॅडमजी भूल जाती हैं आजकल," तो म्हणाला. "हमारी फ़ोन पे बात हुई थी न?" आमचं फोनवर काहीही बोलणं झालं नव्हतं. पण त्या दिवसापासून शाळेत मी विसरभोळी ठरले आणि मराठी मंडळाच्या गणपतीत, लोकांची पुस्तकं रद्दीत घालणारी. मांडवात बायका माझ्याशी गोड बोलायच्या आणि मी पुढे गेले की कुजबुजायच्या. माझ्या पाठीला कान आहेत.

हे सगळं मी गिळलं असतं. पण मग मैत्रिणीचा फोन आला. तिने आधी शाळेत फोन केला होता आणि त्याने तिलाही तेच ऐकवलं होतं.

"ताई, खरं का हे?"

"अगं नाही, मी नागपूरला होते, मला तर..."

"सर स्वतः बोलले माझ्याशी. तुम्हीच निवडून दिलीत म्हणाले." मग ती म्हणाली, "एक फोन करायचा की ताई. रद्दीत घालायच्या आधी एक फोन."

तिने फोन ठेवला तो ठेवलाच. नंतर मी केलेले फोन तिने उचलले नाहीत. मी लिहिलेल्या मेसेजना उत्तर दिलं नाही. दिवाळीला, तिच्या मुलीच्या बारावीला, तिच्या नवऱ्याच्या बढतीची बातमी कळली तेव्हा, मी लिहीतच राहिले. मी ती शाळा वर्षाच्या आत सोडली आणि एका कॉलेजच्या ग्रंथालयात लागले. पण त्या माणसाने माझी खोली रिकामी केली याच्यापेक्षा, त्याच्या खोट्यामुळे माझी मैत्रीण माझी राहिली नाही, याची चीड माझ्या मनात तशीच धगधगत होती. कधीतरी चार माणसांत त्याच्या तोंडून खरं निघावं एवढं एकच मला हवं होतं. आणि ते निघणार नाही हे माहीत असल्यामुळे, निदान त्याचं काहीतरी वाईट व्हावं असंही वाटत होतं. खोटं कशाला बोलू?

मी आमंत्रणाची ईमेल पाठवली, अगदी सरकारी भाषेत. तासाभरात उत्तर आलं. "आपके बुलावे पर ज़रूर आऊँगा, मॅडमजी." निर्लज्जपणा म्हणतात तो हाच, मी नवऱ्याला म्हटलं.

सूड कसा घ्यावा यावर मी पुष्कळ विचार केला. पहिला विचार अर्थातच सरळ प्रश्न विचारायचा. सर, त्या पुस्तकांचं काय केलंत, आणि कुणाला विचारून? पण मला त्याचं ते मायेचं हसू आठवलं. त्याने तसंच हसून सगळ्या देशातल्या ग्रंथपालांना सांगितलं असतं की मॅडमजी भूल जाती हैं, आणि खाली चॅटमध्ये लोकांनी हसरे चेहरे टाकले असते. नको. दुसरा विचार त्याचा आवाज बंद करायचा. संमेलनाचं तांत्रिक काम माझ्याकडे होतं. माणसांना आत घ्यायचं, माईक बंद करायचे, चॅट सांभाळायचं, ध्वनिमुद्रण, लिंक, सगळं. पण आवाज गेला की माणूस लगेच ओरडतो आणि लोक त्याच्यासाठी हळहळतात. कुणाला त्याची कीव यायला नको होती.

मग सुचलं. आणि सुचल्यावर मी एकटीच इतकी हसले की नवऱ्याने टीव्हीचा आवाज कमी केला.

ज्यांनी ही फुकट ऑनलाइन संमेलनं पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगते. तिथे माणसं भाषणं ऐकायला येत नाहीत. ती प्रमाणपत्रासाठी येतात. पदोन्नतीच्या फाइलीत ते लागतं, मुलाखतीला लागतं, नाहीतर असावं म्हणून लागतं. सत्र सुरू झालं की आधी चॅटमध्ये "गुड मॉर्निंग फ्रॉम कोटा", "गुड मॉर्निंग फ्रॉम बीदर" यांचा पूर येतो. मग माणसं आवाज बंद करून आपापल्या कामाला लागतात. कुणी कणीक मळतं, कुणी पुस्तकांच्या पाठीला चिठ्ठ्या चिकटवतं. शेवटच्या पाच मिनिटांत आयोजक चॅटमध्ये फीडबॅक फॉर्मची लिंक टाकतात. तो फॉर्म भरला की प्रमाणपत्र आपोआप ईमेलने येतं. फॉर्म भरला, "व्हेरी इन्फॉर्मेटिव्ह सेशन सर" असं लिहिलं की माणूस बाहेर. लिंक पडल्यावर दोन मिनिटांत सभागृह रिकामं होतं. मी स्वतः कितीतरी वेळा अशीच बाहेर पडले आहे. जेवणानंतर लोक पळून जाऊ नयेत म्हणून या वेळी आम्ही दुपारच्या सत्राचं प्रमाणपत्र वेगळं ठेवलं होतं. ती युक्तीही माझीच होती.

आणि जो बोलत असतो त्याला हे काही दिसत नाही. त्याच्या पडद्यावर त्याच्या स्वतःच्याच स्लाइड भरलेल्या असतात.

संमेलनाच्या दिवशी मी लवकर कूलरमध्ये पाणी भरलं आणि खोलीचं दार लावून घेतलं. तो वेळेआधी आला. ऑनलाइन सभेत बाहेर एक प्रतीक्षा कक्ष असतो, तिथे माणसाचं नाव लटकत राहतं, आणि आयोजकाने आत घेतल्याशिवाय त्याला आत येता येत नाही. मी त्याचं नाव तिथे लटकत ठेवलं आणि चहा करायला गेले. चहात आलं किसून घातलं. तो सावकाश प्याले. मग त्याला आत घेतलं.

केस पांढरे झाले होते. बाकी तसाच. "नमस्कार मॅडमजी," तो म्हणाला, "आप वैसी की वैसी हैं." मी म्हटलं, "सर, स्क्रीन शेअर कर लीजिए."

अध्यक्षबाईंनी स्वागत केलं, त्याची तोंडभरून ओळख करून दिली आणि लॅपटॉप बंद करून आपल्या मुलीला क्लासला सोडायला गेल्या. तीनशेच्या वर माणसं होती. आजवर एवढी गर्दी आमच्या संघटनेला जमली नव्हती. त्याने पडदा व्यापून टाकला आणि बोलायला लागला. ध्वनिमुद्रणाचं बटण माझ्यासमोर होतं. मी ते दाबलं नाही. या माणसाच्या भाषणाचा एक शब्दही कुठे उरायला नको होता.

दहाएक मिनिटं मी वाट पाहिली. मग त्याने "पहले और बाद में" असं चित्र दाखवलं. डावीकडे माझी खोली. खिडकीजवळची मांडणी अर्धी दिसत होती. उजवीकडे ती पोपटी भिंत आणि गाठोडी. मी लिंक टाकली.

काही क्षण काहीच झालं नाही. मग चॅट हलायला लागलं. "थँक यू सर." "व्हेरी नाइस सेशन." "व्हेरी इन्फॉर्मेटिव्ह, सर." अजून त्याने काही सांगितलंही नव्हतं. पडद्याच्या कोपऱ्यात माणसांचा आकडा असतो, तो उतरणीला लागला. एक एक चौकोन विझत गेला. मला काय वाटलं ते लपवत नाही: फार वर्षांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं. तो विनोद करून लोकांच्या हशासाठी थांबत होता आणि हसायला कुणी नव्हतं. तो म्हणाला, "आप में से कितने लोग मुझसे सहमत हैं? हाथ उठाइए." मी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते. शेवटी एक राजकोटच्या बाई उरल्या होत्या, त्याही बहुधा लॅपटॉप चालू ठेवून कुठेतरी गेल्या असाव्यात. मग त्यांचंही नाव गेलं. आता तो होता आणि मी होते. माझी पुस्तकं गेली तेव्हा मी नव्हते, पण त्याचे श्रोते गेले तेव्हा मी समोर बसून एकेक मोजत होते.

मी उठून जाणार होते. त्याला एकटाच बोलत ठेवून जेवायला बसायचं असंच ठरवलं होतं. तेवढ्यात त्याने शेवटचं चित्र लावलं.

त्यात मी होते. शाळेच्या वार्षिक अंकातला जुना फोटो. मी टेबलापाशी बसलेली, भोवती मुलं, मागे खिडकी.

"अब एक बात," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज बदलला. "आज यहाँ पूरे देश के लाइब्रेरियन बैठे हैं, इसलिए आज ही कहनी है. ये मॅडमजी मेरे स्कूल में लाइब्रेरियन थीं. मैंने इनकी लाइब्रेरी इनकी छुट्टी में कबाड़ी को दे दी. इनसे पूछा नहीं. क्योंकि पूछता तो ये देने नहीं देतीं. फिर मैंने सबसे कहा कि इन्होंने ख़ुद छाँटकर दीं. वो झूठ था. जब इन्होंने मना किया तो मैंने कहा, ये भूल जाती हैं. वो भी झूठ था. उन किताबों में लोगों की अमानत थी. मैं आप सबके सामने माफ़ी माँगता हूँ."

अर्धी उठले होते ती मी परत खुर्चीत बसले.

मला भरून आलं असेल, मी रडले असेन, असं कुणाला वाटत असेल तर तसं काही झालं नाही. मला संताप आला. नालायक माणूस! आयुष्यभर खोटं बोलला, आणि खरं बोलायला नेमका आजचा दिवस सापडला त्याला? तीनशे माणसं मी माझ्या हाताने बाहेर काढली होती. ध्वनिमुद्रण मी माझ्या हाताने बंद ठेवलं होतं. जे ऐकायला मी इतकी वर्षं जळत होते ते तो अखेर बोलला होता, आणि ते ऐकायला मी सोडून कुणी नव्हतं. आणि मला तर ते आधीपासूनच माहीत होतं!

"मॅडमजी, आप सुन रही हैं?" त्याने चित्र बंद केलं. आता त्याच्या पडद्यावर त्याला चौकोन दिसले. दोनच. तो चष्मा पुसून पुढे वाकला.

"अरे. सब लोग कहाँ गए?"

"फीडबॅक की लिंक चली गई, सर."

"किसने भेज दी?"

"मैंने."

त्याला समजलं हे मला दिसलं. मग तो मागे रेलला आणि एक सुस्कारा टाकून म्हणाला, "कोई बात नहीं. कह दिया, मन हल्का हो गया."

मन हल्का हो गया म्हणे! मी इतकी वर्षं गणपतीत मान खाली घालून फिरले, मैत्रिणीच्या बंद दारावर दिवाळीचे मेसेज टाकत राहिले, आणि हलकं कुणाचं झालं, तर याचं. तेव्हा तो समोर असता तर मी काय केलं असतं सांगता येत नाही.

"सर," मी म्हटलं, "ढाई बजे फिर आइए."

"फिर से?"

"फिर से. ढाई बजे सब लौटेंगे. दूसरा सर्टिफ़िकेट है."

"मॅडमजी, ऐसी बात दो बार कहना..."

"मैंने तो बरसों कही है, सर. किसी ने मानी नहीं."

त्याने बैठक सोडली. पडदा काळा झाला.

जेवताना नवऱ्याने विचारलं, "झालं का तुझं?" मी सगळं सांगितलं. त्याने घास हातात तसाच धरला. "बाप्पा," तो म्हणाला, "म्हणजे तू बंदूक धरली अन् गोळी तुलाच लागली." त्याला हसायला येत होतं, पण माझं तोंड बघून त्याने ताकाचा पेला तोंडाला लावला. "येते का तो परत?"

"न यायला काय झालं?" मी म्हटलं. पण अडीचला किती वेळ आहे ते मी दोनदा पाहिलं.

अडीच वाजता सगळे परत आले. "गुड आफ्टरनून फ्रॉम कोटा." "गुड आफ्टरनून फ्रॉम बीदर." अध्यक्षबाईही होत्या. दुपारचं भाषण कुणा एका प्राध्यापकांचं होतं, ते झालं, आणि प्रतीक्षा कक्षात त्याचं नाव नव्हतं. मी अध्यक्षबाईंना आधीच सांगून ठेवलं होतं की सकाळच्या सरांना दोन मिनिटं बोलायचं आहे. त्या आभार मानायच्या तयारीला लागल्या. चॅटमध्ये लिंक मागायला सुरुवात झाली. आणि तेव्हा त्याचं नाव आलं. या वेळी मी चहा करायला गेले नाही.

ध्वनिमुद्रणाचं बटण मी दाबलं. लाल ठिपका दिसेपर्यंत थांबले आणि मग त्याला बोलायला सांगितलं.

त्याने घसा खाकरला. समोर तीनशे चौकोन होते आणि या वेळी ते त्याला दिसत होते. "मैं बस इतना कहना चाहता था," तो म्हणाला, "कि बदलाव के समय कभी-कभी थोड़ा कम्युनिकेशन गॅप हो जाता है. हमारे स्कूल में भी हुआ. किसी का दिल दुखा हो तो मुझे खेद है. धन्यवाद."

किती गुळमुळीत! आणि चॅटमध्ये लगेच, "व्हेरी इन्फॉर्मेटिव्ह सर." "वेल सेड सर." "फीडबॅक लिंक प्लीज." "लिंक मॅम?"

लिंक माझ्यासमोर होती, नुसतं एक बोट दाबायचं बाकी होतं. मी माझा माईक सुरू केला.

"लिंक मिलेगी," मी सगळ्यांना सांगितलं. "सर की बात अभी पूरी नहीं हुई है. सर, जैसे सुबह कहा था, वैसे ही कहिए."

अध्यक्षबाईंनी भुवया उंचावल्या. चॅटमध्ये "लिंक मॅम", "मॅम लिंक", "मॅम बस निकलेगी मेरी". कुणीही बाहेर पडलं नाही. लिंक मिळाल्याशिवाय कोण जातं? तीनशे माणसं मी बसवून ठेवली होती आणि संध्याकाळपर्यंत बसवून ठेवायची माझी तयारी होती.

मग तो बोलला. सगळं. सुट्टी, कबाडी, न विचारता, झूठ, आणि भूल जाती हैं हेही झूठ. सकाळी त्याचा आवाज कसा मोकळा होता. आता एकेक शब्द काढायला त्याला कष्ट पडत होते. ते कष्ट मी पाहिले आणि मला समाधान वाटलं. सकाळी त्याने ते स्वतःसाठी म्हटलं होतं. दुपारी ते माझ्यासाठी म्हटलं गेलं. चॅटमधल्या लिंकच्या मागण्यांमध्ये एक ओळ वर सरकत गेली, "हमारे यहाँ भी यही हुआ था." कुणाची होती ते नीट बघेपर्यंत ती पुसल्यासारखी नाहीशी झाली. त्याचं बोलून झाल्यावर मी लिंक टाकली आणि सगळे गेले.

संध्याकाळी मी तेवढाच तुकडा वेगळा काढला आणि मैत्रिणीला पाठवला. सोबत काही लिहिलं नाही. लिहायचं ते आजवर लिहून झालं होतं. मग फोन उपडा ठेवून देवापाशी दिवा लावला, कुकर लावला, कपडे गच्चीवरून आणले. झालाना डोंगराच्या बाजूने मोर ओरडत होते. नवरा फोनपाशीच बसून होता, माझ्यापेक्षा त्यालाच घाई.

"आलं," तो म्हणाला.

मी ओल्या हातांनीच फोन घेतला. "ऐकलं. दोनदा ऐकलं. मग माझ्या आईची पुस्तकं कुठं आहेत, ताई?"

ताई. किती वर्षांनी. मी तिथेच खाली बसले आणि उत्तर लिहायला लागले. मला माहीत नाही गं, कबाडी घेऊन गेला, मी तेव्हा शोधायला गेले होते पण कुणी काही सांगितलं नाही, मला माफ कर. एवढं लिहून झालं आणि माझं बोट थांबलं. हा प्रश्न मला का? इतकी वर्षं त्याच्या बदली मी उत्तरं देत होते. गणपतीत मी, फोनवर मी, दिवाळीच्या मेसेजमध्येही मीच. मी लिहिलेलं सगळं पुसून टाकलं आणि तिला त्याचा नंबर पाठवला. खाली लिहिलं, "यांना विचार. सोडू नकोस."

ती फौजेतल्या माणसाची बायको आहे. तिने सोडलं नाही. कुकरची शिट्टी व्हायच्या आत माझा फोन वाजायला लागला. त्याचं नाव.

"उचलून नाही राहिली तू?" नवऱ्याने विचारलं.

"माझ्याशी काय बोलायचंय त्याला? त्याने सांगायचंय ते तिला सांगावं," मी म्हटलं. फोन वाजतच होता. मी गॅस बारीक केला आणि भाकरीचं पीठ मळायला घेतलं.